पहिला घोट जोडीला

थांबा, सांगते. हॉस्टेलवर आल्यापासून ऐकतेय मी, की समीक्षाबाईंना दुसऱ्याच्या कपातला चहा चालत नाही, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी चालत नाही, दूधसुद्धा स्वतःच उकळून घेतात, फार सोवळ्यातल्या आहेत. अगं, सोवळं कसलं? तालमीत वाढलेली पोरगी आहे मी! आम्ही सगळ्याजणी एका तांब्यातनं प्यायचो. तेच तर सांगायचंय. बसा इकडं. आणि एक, आमच्याकडं पोरी ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात, तेव्हा मधेच दात काढायचे नाहीत.

तर आमची तालीम शिरोळच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. फक्त मुलींची. वस्ताद म्हणजे मालनआक्का. त्यांच्या काळात बाई लंगोट घालून मैदानात उतरली म्हणून अख्खं गाव बघायला लोटायचं म्हणे. दोन्ही कान मोडून फुलकोबीसारखे झालेत, आणि त्या कानांचा एवढा अभिमान की बुगड्या कधीच्या काढून ठेवल्यात. "कान दिसाय पायजेत," म्हणायच्या.

आक्कांच्या तालमीत एकटीनं काही खायचं नाही. घरनं मूठभर बदाम आले तरी सगळ्यांत. आणि जोडीचा रिवाज. प्रत्येकीला एक जोडीदार ठरवून दिलेली. संध्याकाळी मेहनत संपली की जोडीला मिळून थंडाईचा एकच पितळी पेला, हा एवढा मोठा. जिनं थंडाई घोटली तिनं पहिला घोट घ्यायचा नाही, पहिला घोट जोडीला. जोडीनं निम्मा प्यायचा नि उरलेला परत द्यायचा. आक्कांचं म्हणणं, "जिच्या हातचं डोळं झाकून पिता येत न्हाई, तिच्यावर अंग टाकून डाव काय शिकणार तुम्ही?"

माझी जोडीदार धनश्री मगदूम. धना. माझ्या पहिल्या दाताचं खोबरं तिनं केलं आणि तिच्या बरगडीचं मी. सख्ख्या बहिणी एवढ्या भांडत नाहीत आणि एवढ्या चिकटूनही नसतात. फक्त एक गोम होती. दोघी वाढून एकाच वजनात आलो, सत्तावन्न किलोत. आणि एका वजनात तालमीतनं एकच पोरगी पुढं जाणार. तिथं धनाच जायची. मी बासष्टमध्ये थोराड पोरींकडून आपटून घ्यायची.

मग त्या वर्षी ढाकेचा डाव मारताना धनाचा गुडघा फिरला. आवाज आला ना, वाळकी फांदी मोडल्यासारखा, तो मला अजून ऐकू येतो. मिरजेला ऑपरेशन झालं आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरचा साचा बसवला. पैलवान गुडघ्याला भीत नाही गं, साच्यात पाय वाळतो त्याला भितो. दोन महिन्यांनी साचा काढला की आत मांडीच्या जागी शेवग्याची शेंग. ती परत भरायला वर्ष जातं, आणि वर्षात दुसरी कुणीतरी तुझ्या वजनात उभी राहिलेली असते.

तेव्हा अन्वया गुरव नावाच्या डॉक्टर आल्या. मिरजेलाच स्नायूंवर काम करायच्या. साच्यात पाय वाळूच नये म्हणून एक नवीन औषध निघालेलं, रोज एक पुडी दुधातनं, आणि त्याची चाचणी चालू होती. धनाला घेतलं त्यात. ते कसं काम करतं हे मॅडमनी आम्हाला तालमीच्या ओट्यावर बसूनच सांगितलं. समोर रस्ता रुंद होणार होता ना, त्यामुळं ओळीनं घरांवर लाल फुल्या मारलेल्या. आमच्या तालमीच्या भिंतीवरसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, "ही फुली दिसतेय? शरीरातल्या प्रत्येक पेशीत हेच चालतं. पेशीत हजारो प्रथिनं असतात. ज्याचं काम संपलं, जे बिघडलं, ते पाडायचं असतं. पण पेशीतला जेसीबी आंधळा असतो. फुली असेल तेच तो तोडतो. त्या फुलीचं नाव युबिक्विटिन."

"आणि फुली कोण मारतंय?" धनानं विचारलं.

"तिघं मिळून. एकजण रंगाचा डबा उघडतो, एकजण ब्रश धरून चालतो. पण कुठल्या घरावर मारायची हे तिसरा ठरवतो, त्याला लिगेज म्हणतात. असे लिगेज तुझ्या अंगात सहाशेच्या वर आहेत, आणि प्रत्येकाला आपापली घरं ठाऊक. एकानं फुली मारायची थांबवली की कचरा साठून हात थरथरायला लागतात. दुसऱ्यानं जास्त मारल्या की कॅन्सरला अडवणारा राखणदारच पाडला जातो. आता तुझ्या स्नायूत एक लिगेज आहे. पाय हलत नाही, किंवा पोटात अन्न नाही, असं दिसलं की तो जागा होतो आणि धडाधड तुझ्या मांडीवर फुल्या मारत सुटतो. म्हणून पाय वाळतो."

आक्का कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या भिंतीवर फुली मारणारा गावू दे मला. त्यालाच चीत करतो."

मॅडम एवढ्या हसल्या! "आक्का, औषध नेमकं तेच करतं. ते म्हणजे दोन तोंडांचा आकडा. एका तोंडात मांडीचा हा लिगेज अडकतो, दुसऱ्या तोंडात त्याचाच एक भाऊबंद, दुसरा लिगेज. दोघं शेजारी आले की हा दुसरा पहिल्याच्याच अंगावर फुली मारतो. जेसीबी येतो आणि फुली मारणाऱ्यालाच पाडून जातो."

"म्हंजी आपल्यातल्याच माणसाकडनं," आक्का म्हणाल्या.

"आपल्यातल्याच. बाहेरचं कुणी लागत नाही."

जाताना मॅडमनी धनाला बजावलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं, की पुडी चालू आहे तोवर पोटभर जेवायचं. बाकीचं सगळं तिला घेऊन बाजूला बसून सांगितलं, ते मात्र आम्ही ऐकलं नाही.

आता धनाला उभं राहता येईना, मग तिला काम काय? थंडाई घोटायचं. कुंडी मांडीशी घ्यायची, सोटा फिरवायचा, आणि तिथनंच आम्हाला शिव्या घालायच्या. "समे, कंबर खाली! म्हशीगत काय उभारलीयास?" मज्जा यायची गं.

आणि एक दिवस आक्का म्हणाल्या, धनाचा पाय येईपर्यंत सत्तावन्न किलो समीचं. सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी धनाकडं बघितलं. ती घोटत होती, घोटतच राहिली. नंतर पेला हातात देताना म्हणाली, "समे, एक सुचवू? तू त्रेपन्नात उतर."

"चार किलो? मरायचंय व्हय मला?"

"मी सत्तावन्नात परत येतो, तू त्रेपन्नात. दोघी राज्याला जाऊ. एका खोलीत राहू. कशाला एकमेकीच्या उरावर?"

दोघी जाऊ, हे ऐकलं आणि मी वितळलेच. तुम्हाला माहितीये ना वजन उतरवायचं म्हणजे काय? सकाळी मूठभर उकडलेली मटकी, संध्याकाळी निम्मा पेला थंडाई, मधे नुसतं पळायचं. चरबी जाते, पण तिच्याबरोबर ताकदही जाते. पोटात अन्न नाही म्हटलं की तो फुलीवाला जागा होतोच ना. सगळ्या पोरींचं तेच होतं. वजन उतरतं आणि मॅटवर पाय कापतात.

माझे नाही कापले!

वजन उतरत गेलं, एक, दोन, चार किलो, आणि ताकद होती तिथंच. उपाशीपोटी दोरावर सरसर जायचे. आमच्याकडं तो नवीन काटा होता, नुसतं उभं राहिलं की चरबी किती नि स्नायू किती सांगणारा. त्यात स्नायू ग्रॅमभर कमी नाही. आक्कांनी काटा आपटून बघितला, बिघडलाय म्हणून. मग माझ्या दंडाला हात लावून बघितला. आक्का कधी कुणाची तोंडावर स्तुती करायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "पोरी, ही देणगी हाय. शिकवून येत न्हाई."

देणगी! मला झोप लागेना आनंदानं. आयुष्यभर मी दोन नंबरची. धनाच्या मागं बॅग धरून जाणारी. आणि आता आरशात बघून मी मनात म्हणायची, समे, तू वेगळ्या मातीची आहेस. आईला पण सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या बापाची आजी दोन मणांचं पोतं डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायची, तिच्यावर गेलीस." घरात कथाच तयार झाली. सगळ्यात जास्त कौतुक धनाचं. "माझी जोडीदार हाय," सगळ्यांना सांगायची.

भाद्रपदात धनाच्या घरी दशलक्षण पर्व होतं. मगदूम जैन, त्यांच्यात लहान लहान पोरंसुद्धा उपास धरतात. काकू माझ्याकडं तक्रार करत होत्या, "हिनं औंदा एक उपास केला नाही बघ. डॉक्टरनी सांगितलंय म्हणे, या औषधावर उपास केलास तर जिवाशी खेळ होईल." धना चटकन म्हणाली, "आई, जाऊ दे की आता ते." आणि त्याच संध्याकाळी, दिवसभर मटकीवर काढलेल्या मला, तिनं पेला दिला. मी डोळे मिटून निम्मा प्यायले. परत दिला. उरलेला ती प्यायली.

तेव्हा मला काहीच वाटलं नाही बघा. काय वाटणार?

जिल्ह्याच्या निवडीत मी त्रेपन्नमध्ये चारही कुस्त्या मारल्या. दंडावर घामपट्टी लावून तपासलं सगळ्यांना. आता ती पट्टी शोधते काय, तर बाहेरनं अंगात काय आलंय. माझ्या अंगातनं आतलंच काहीतरी गेलेलं होतं, ते तिला कसं कळावं? पट्टी हिरवी. पदक गळ्यात. धनानं कुबडीवर उभं राहून शिट्ट्या मारल्या.

त्या निवडीत मॅटवर घासून कोपर सोलवटलं. एवढंसं, रुपयाएवढं. पैलवानाला रोजचंच ते. हळद दाबली नि विसरले. पण ते भरेचना. आठवडा झाला तरी ओलंच. मग लाल झालं, मग ताप आला, आणि एका दुपारी मी तालमीच्या पायरीवरच कोसळले.

मिरजेला नेलं. डॉक्टर चक्रावलेले. अंग बघावं तर दगडासारखं, दंड टणक, मांड्या टणक. आणि रक्त बघावं तर दुष्काळातल्या माणसाचं. रक्तात प्रथिनंच नाहीत. औषधं बदलून बदलून देतात, ताप उतरत नाही, जखम आतनं पसरतेय. आई दाराशी बसून राहायची. मला धड शुद्ध नव्हती, पण एवढं आठवतं की रोज धना यायची. कुबडी टेकवून खुर्चीत बसायची, मोसंबी सोलायची, फोड माझ्या तोंडाला लावायची. डॉक्टर आईला विचारत होते, हिनं काही घेतलंय का, काढा, गोळ्या, पावडर, काहीही? आई म्हणायची, नाही हो, पोरगी तसली नाही. धना तिथंच असायची. ऐकायची. आणि पुढची फोड सोलायची.

चार दिवस.

पाचव्या दिवशी कुणीतरी वरच्या मजल्यावरच्या गुरव मॅडमना बोलावलं, स्नायूंचं काहीतरी विचित्र आहे म्हणून. त्यांनी सुईनं मांडीतला कणभर तुकडा काढून तपासायला नेला, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा. आधी त्यांनी नसेतनं काहीतरी चालू केलं, प्रथिनांचे सुटे तुकडे थेट रक्तात. दोन दिवसांत ताप उतरला. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"समीक्षा, हरिपूरची हळदीची पेवं बघितलीयेस?"

"जमिनीतली? हो."

"तुझे स्नायू म्हणजे ती पेवं. सुगीत भरायची, अडचणीत उघडायची. माणूस आजारी पडला, उपाशी राहिला, की शरीर मांडीतलं थोडं प्रथिन मोडतं आणि ते तुकडे हृदयाला देतं, जखम भरायला देतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशींना देतं. त्या पेवाचं दार उघडतो कोण? तो फुलीवाला लिगेज. आपण त्याला शत्रू समजतो, पण तो घरातला कारभारी आहे. तुझ्या मांडीत तो एकही शिल्लक नाही. समूळ गेलाय. कोठार भरलेलं, दार लिंपलेलं, आणि आत तू उपाशी मरत होतीस."

मी म्हटलं, "पण मॅडम, माझी तर देणगी..." आणि शब्द तोंडातनं निघतानाच मला कळलं गं. कळलंच.

मॅडम माझ्याकडं बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "ते औषध बाजारात नाही. माझ्या चाचणीतल्या लोकांकडंच आहे. तुमच्या तालमीत ते एकाच मुलीकडं आहे."

आणि पुढं सांगितलं, हृदयाचं. हृदय पण स्नायूच. तिथं तोच कारभारी भिंतींना वाजवीपेक्षा जाड होऊ देत नाही. पोटभर जेवणाऱ्याच्या हृदयापर्यंत ही पुडी फारशी पोचत नाही, पण मी उपाशी. माझ्या हृदयाची भिंत जाड झालीय. जगायला काही अडचण नाही, जिने चढ, नाच, लग्न कर. कुस्ती नाही.

"किती दिवस नाही?"

मॅडमनी माझा हात दाबला फक्त.

दुपारी धना आली. मोसंबी घेऊनच आली. साल काढायला लागली.

मी म्हटलं, "धने, पुडी कधीपास्नं देतीयास?"

"कसली पुडी?"

"गुरव मॅडम येऊन गेल्या."

सुरी थांबली. मोसंब्याचं साल अर्धं लोंबत होतं, ते तसंच.

"पहिल्यांदा चुकून झालं," ती म्हणाली. "आईची शपथ. मॅडम म्हणाल्या दुधातनं घे, मी आपली थंडाईच्या पेल्यात घातलो. आणि तू पेला उचललास. रिवाजच तसा हाय. आता पहिला घोट मी कसा घेणार? मला वाटलं, निम्म्यानं काय होतंय."

"आणि मग?"

"मग तुझं वजन उतरलं नि ताकद उतरली न्हाई. तेव्हा कळलं मला."

"मग थांबायचं होतंस!"

ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "थांबून? थांबलो असतो तर तू परत सत्तावन्नात आली असतीस. समे, पाय धड असताना पण मी तुला फार दिवस पाडू शकलो नसतो. तुला म्हाईत नव्हतं. मला नि आक्काला म्हाईत होतं. एकदा तू तिथं बसलीस की मला कोण उठवून जागा देणार हाय?"

म्हणजे बघा. माझी देणगी खोटी होती ती होतीच. पण त्याच्या आधीची, खरी ताकद, जी माझी होती, सत्तावन्नात उभी राहून मी धनाला पाडू शकले असते ती, ती कुणी मला सांगितलीच नव्हती. खरं होतं ते लपवलं आणि खोटं होतं ते गळ्यात घातलं.

"काकू म्हणाल्या होत्या, उपास केला तर जिवाशी खेळ," मी म्हटलं. "माझी मटकी तुझ्या डोळ्यांसमोर चालली होती, धने."

"वाटलं, तू दणकट हायस."

"आणि ताप आल्यावर?"

"ताप आला त्याच दिवशी पुडी बंद केली की मी! त्यानंतर तुला दिलीच न्हाई."

"सांगितलं का नाहीस? डॉक्टर विचारत होते. आई रडत होती."

"सांगितलं असतं तर चाचणीतनं काढलं असतं मला. कुस्तीतनं पण काढलं असतं, जन्माचं."

"मी मेलो असतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते, मी ओळखते तिचं रडणं. म्हणाली, "मी रोज येत होतो ना बघायला?"

आणि वर स्वतःच्या पायाकडं बोट दाखवलं. "तुझं एकटीचंच गेलं काय? माझा पाय बघ. निम्मी पुडी तुझ्या पोटात गेली. साचा काढला तर आत काय न्हाई. मी काय कमी दिलं तुला?"

खरंच वाळला होता पाय. शेवग्याची शेंग. एक क्षण, शपथ सांगते, एक क्षण मला तिची कीव आली. मग मी भिंतीकडं तोंड केलं.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, जमिनीवरच बसल्या. मला वाटलं आता आक्का धनाला फाडून खातील. आक्का म्हणाल्या, "पोरी, तुझं वाटुळं झालं. मला समजतंय. पर हे बाहेर पडलं तर उद्या समद्या पोरींचे बाप येतील नि पोरी घिऊन जातील. पेल्यात इख घालत्यात म्हणतील. तीस वर्सं लागली मला, एक बाप पोरीला लंगोट घालू द्यायला तयार व्हायला."

"आक्का, मी काय करू मग?"

"गप ऱ्हा. तालमीसाठी."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं, मी धनाला पाडू शकतो म्हणून?"

आक्का मोडक्या कानाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "एकीला धीर दिला की दुसरी मोडती. दोन्ही ठेवायच्या होत्या मला."

तुम्हाला सांगते, धनानं केलं ते चोरीसारखं होतं. आक्कांचं ते ऐकलं तेव्हा घरच फिरल्यासारखं वाटलं.

मी गप्प राहिलेही असते कदाचित. पण गुरव मॅडमचा फोन आला. घाबरत घाबरत बोलत होत्या. धनानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, आणि मी माझ्या तोंडानं सांगितल्याशिवाय त्यांना धनाचं नाव कुठं घालता येत नव्हतं. तोवर धनाच्या पायावरनं हिशेब निघत होता की औषध लागू पडत नाही, पुडी दुप्पट करा. आणि कंपनीत दुसरंच बोलणं चाललेलं, की हे औषध बारीक व्हायचंय त्या लोकांना द्यावं. उपास करा, चरबी घालवा, अंग मात्र भरलेलं ठेवा. विचार करा! तुमच्यातली कोण घेणार नाही? तू घेशील, मी तर आधी घेतली असती. आणि मग कुणाला साधा ताप येईल, कुणाचं बोट कापेल, आणि भरलेल्या पेवावर बसून माणसं मरतील.

मी मिरजेला गेले आणि सगळं सांगितलं. पेला, रिवाज, मटकी, मोसंबी. धनाचं नाव सांगताना माझी जीभ अशी जड झाली, की मॅडमनी परत विचारलं, "काय नाव म्हणालीस?" मी परत सांगितलं. स्पष्ट सांगितलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी धना घरी आली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. एका हातात कुबडी, एका हातात आमचा पितळी पेला, वर रुमाल झाकलेला. तालमीपासून आमच्या घरापर्यंत तशी आली होती, त्या पायानं, थेंब न सांडता. उंबऱ्यात उभी राहिली. रुमाल काढला. आणि माझ्याकडं बघत, पहिला घोट तिनं घेतला.

आमच्या तालमीत हे कधी कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं. घोटणारीनं पहिला घोट घेतला. निम्मा पेला प्यायली ती, गटागटा, आणि तोंड पुसून उरलेला माझ्यापुढं धरला. "बघ. काय न्हाई त्यात. बदाम नि बडीशेप. घे."

वाईट काय माहितीये? तिनं असं केलं नसतं तर मी कदाचित घेतला असता. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप पुढं गेला होता माझा. पण तिनं आधी पिऊन दाखवलं, आणि माझा हात मधेच थांबला.

मी म्हटलं, "धने, मी सांगून आलोय. मिरजेला. सगळं."

ती बघतच राहिली. आधी कळलंच नाही तिला. मग कळलं. चेहरा असा पडला, असा, की गुडघा मोडला त्या दिवशी पण तसा झाला नव्हता.

"माझं नाव सांगितलंस?"

"हो."

"समे," ती म्हणाली, अगदी हळू, खरोखर न समजल्यासारखी. "जोडीदाराशी असं करतं काय कोण?"

आणि तिला खरंच तसं वाटत होतं हो! मला ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, काय करावं तेच कळेना. छातीत ती जाड भिंत धाडधाड वाजायला लागली. समोर रस्त्यापलीकडच्या घरांवर त्या लाल फुल्या संध्याकाळच्या उन्हात लखलखत होत्या, आणि मॅडमनी ओट्यावर बसून सांगितलेलं डोक्यात घुमत होतं. बाहेरचं कुणी लागत नाही.

धनानं वाकून पेला उंबऱ्यावर ठेवला. कुबडी सावरली. गेली. वळून बघितलं नाही तिनं.

पेल्यात बरोबर निम्मी थंडाई होती. माझी निम्मी. एक थेंब इकडं नाही, तिकडं नाही, डोळे झाकून पण आम्हाला जमायचं ते. आई म्हणाली, ओतून दे. ओतवेना. पी म्हटलं असतं तरी पिववेना. दिवस बुडाला, थंडाईवर साय धरली, त्या सायीत मुंग्या आल्या, आणि मी आपली उंबऱ्याच्या आत बसून पेल्याकडं बघतेय.

म्हणून म्हणते, तो कप ठेव तिकडं. रागावू नकोस. दूध गरम करून घेते माझं मी.